संडास बांधला, पण आजीला तिथं जाता येतं का? म्हाताऱ्या आणि दिव्यांग माणसांसाठी न्हाणी-संडास बांधताना काय बघावं

धाराशिव : जिल्ह्यातल्या गावागावांत आता घरामागं किंवा अंगणाच्या कोपऱ्यात संडास दिसतो. बरेचसे स्वच्छ भारत मिशनच्या १२ हजारांच्या अनुदानातून उभे राहिलेत. तरणी माणसं, लेकरं ते वापरतात. पण कित्येक घरांत आजी-आजोबा अजून पहाटेच्या अंधारात काठी टेकत बाहेर जातात. का म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं : "आत बसलं की उठता येत नाही बाबा."

दाराशी दीड फुटाचा चढ, आत तीन बाय चारची जागा, धरायला काही नाही आणि उकिडवं बसायचं भांडं. गुडघे गेलेल्या माणसाला असा संडास असून नसल्यासारखाच. मग म्हातारी माणसं स्वतःच वाट काढतात. संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, जेवण अर्ध्यावर आणतात. पाणी कमी झालं की पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ सुरू होते, उठताना चक्कर येते. आणि त्या चकरेतच पाय घसरला, तर खुब्याचं हाड मोडतं. त्या वयात खुबा मोडलेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालेल याची खात्री नसते. ऑपरेशनला शेतातलं पीक किंवा गोठ्यातली म्हैस विकायची वेळ येते.

हे टाळायला राजवाडा बांधावा लागत नाही. मापं नीट घेतली आणि गवंड्याला चार गोष्टी आधी सांगितल्या, तर आहे त्या खर्चात बरंच काम होतं. केंद्र सरकारच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयानं २०१५ मध्ये दिव्यांगांच्या घरगुती शौचालयांवर एक हस्तपुस्तिकाच काढली होती. म्हणजे साध्या गावठी संडासातही या सोयी करता येतात, हे सरकारदरबारी मान्य आहे. गावच्या कामात मात्र त्या क्वचितच उतरतात, कारण घरातलं कुणी मागत नाही आणि गवंडी आपणहून करत नाही.

आधी माणूस मोजा

विटा आणण्याआधी ज्याच्यासाठी बांधायचं त्याच्यापाशी टेप घेऊन बसा. तीन प्रश्न विचारा. एक, चालताना काय लागतं : काठी, वॉकर, कुणाचा हात की चाकाची खुर्ची? दोन, कुठला हात आणि कुठला पाय जास्त बळकट? तीन, सोबत कुणी आत यावं लागतं का? या तीन उत्तरांवर दाराची रुंदी, आधाराच्या दांड्याची बाजू आणि आतली जागा ठरते.

मग खुर्चीवर बसवून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतची उंची मोजा. बैठक त्याच उंचीची किंवा इंचभर जास्त पाहिजे. सरकारी मार्गदर्शक मापात भांड्याची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर, म्हणजे साधारण १८ ते १९ इंच दिली आहे. पण आपल्याकडची ठेंगणी आजी १९ इंचांवर बसली तर तिचे पाय लोंबकळतात. पाय पूर्ण टेकले नाहीत तर जोरही लागत नाही आणि तोलही जातो. तिच्यासाठी १६-१७ इंच बरं. बाजारातलं भांडं घरी आणण्याआधी हे माप खिशात असू द्या.

आज माणूस काठीवर चालतोय म्हणून काठीपुरतंच बांधू नका. दोन-चार वर्षांत वॉकर येतो. नवीन बांधत असाल तर दार आणि जागा पुढचा विचार करून सोडा. नंतर भिंत फोडणं महागात जातं.

अंथरुणापासून दारापर्यंतची वाट

बहुतेक माणसं संडासात पोचण्याआधीच पडतात. रात्री उठल्यावर घराचा उंबरा, ओसरीची पायरी, अंगणातला उखडलेला दगड, गाईचं दावं, पावसाळ्यातलं शेवाळ, असा सगळा प्रवास असतो. म्हणून अंथरुणापासून भांड्यापर्यंत किती पावलं होतात ते मोजा आणि प्रत्येक अडथळा टिपा. संडास नव्यानं बांधायचा असेल तर तो घराला जितका जवळ, तितका चांगला. जनावरं वाटेत बांधू नका.

वाट किमान तीन फूट रुंद, चाकाची खुर्ची असेल तर चार फूट ठेवा. मुरूम टाकून, ठोकून, वर सिमेंटचा खरखरीत कोबा केला तरी चालतो. गुळगुळीत घोटू नका. ओला असताना झाडूनं रेघा ओढल्या की पाय घसरत नाही.

जोतं उंच असेल तर उतार म्हणजेच रॅम्प लागतो. त्याचा हिशेब सोपा आहे : एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाचं जोतं असेल तर अठरा फूट लांब उतार. गावात बऱ्याच ठिकाणी चार फुटांत दीड फूट चढवलेले उतार दिसतात. ते बघायला उतार असतात, पण त्यावरून खुर्ची ढकलता येत नाही आणि उतरताना हातातून सुटते. उताराच्या दोन्ही कडांना दोन-तीन इंचांची कड घ्या, म्हणजे चाक खाली जात नाही. वर दारासमोर पाच बाय पाच फूट सपाट जागा सोडा. खुर्ची उतारावर उभी करून दार उघडता येत नाही.

अठरा फूट जागा नसेल तर अंगणातच थोडी भर टाकून वाट हळूहळू वर न्या, किंवा उतार एका वळणानं घ्या. माणूस चालता असेल तर पाच-सहा इंचांच्या बुटक्या, फूटभर रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा एवढ्यावरही भागतं. चाकाची खुर्ची असेल तर मात्र पायरीला पर्याय नाही म्हणू नका, पायरी काढाच.

दार बाहेर उघडणारं

आतला माणूस चक्कर येऊन पडला की त्याचं अंग दाराला टेकतं. दार आत उघडणारं असेल तर बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. म्हणून दार नेहमी बाहेर उघडणारं बसवा. जागा कमी असेल तर बाजूला सरकणारं दार चालतं. निदान जाड पडदा तरी.

दाराची मोकळी रुंदी तीन फूट ठेवा. ही चौकटीच्या आतली, दार उघडल्यावर उरणारी रुंदी. अडीच फुटांची चौकट घेतली की दाराची जाडी आणि बिजागरी जाऊन चाकाची खुर्ची अडकते किंवा ढकलणाऱ्याची बोटं सोलतात. उंबरा ठेवू नका. पाणी बाहेर येईल ही भीती असते, त्यासाठी अर्ध्या इंचाची गोलसर कड पुरे. आतून कडी अशी घ्या की अडचणीच्या वेळी बाहेरूनही उघडता येईल. बोटं वाकडी झालेल्या माणसाला गोल मूठ फिरवता येत नाही. खाली दाबायचा दांडा किंवा मोठी कडी बरी.

आत किती जागा

काठीवर चालणाऱ्या माणसाला चार बाय पाच फूट पुरते. सोबत दुसरं माणूस लागत असेल तर पाच बाय सहा धरा. चाकाची खुर्ची आत जाऊन वळायची असेल तर पाच फुटांचं मोकळं वर्तुळ पाहिजे. त्यासाठी खोली साधारण साडेसहा बाय सव्वासात फूट होते.

एवढी जागा कुठून आणायची? बऱ्याच घरांत संडास आणि न्हाणी शेजारी शेजारी असतात, मधे साडेचार इंचांची भिंत. ती काढून दोन्ही एक केले की जागा आपोआप मिळते. फक्त वरचा पत्रा किंवा स्लॅब त्या भिंतीवर टेकलेला नाही ना, हे गवंड्याकडून आधी तपासून घ्या.

बसायची सोय

गुडघे दुखणाऱ्याला, खुब्याचं ऑपरेशन झालेल्याला उकिडवं बसणं जमत नाही, आणि डॉक्टरही सहसा बसू देत नाहीत. यावर तीन उपाय आहेत.

पहिला आणि स्वस्तातला : आहे त्या भांड्यावर मधे भोक असलेलं कमोडचं स्टूल ठेवणं. लोखंडी पायांचं घ्या, पायांना रबरी बूट असू द्या. हलत असेल तर माणूस घाबरतो आणि पुन्हा बाहेर जायला लागतो. गावातला वेल्डिंगवाला मापानं करून देऊ शकतो, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे लावून.

दुसरा : भांड्याच्या दोन्ही बाजूंना विटांचे छोटे ओटे बांधून वर बैठक बसवणं. हे हलत नाही, पण घरातल्या बाकीच्यांनाही मग तसंच बसावं लागतं. हे आधी घरात बोलून घ्या.

तिसरा : कमोड बसवणं. इथं पाण्याचा विचार करा. उताराच्या गावठी भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. कमोडला त्याच्या कितीतरी पट लागतं. ज्या गावात मार्चपासून टँकरची वाट बघावी लागते, तिथं कमोड बसवून उन्हाळ्यात तो कोरडा पडणार असेल, तर पहिला उपायच शहाणपणाचा.

भांड्याचा मध्य बाजूच्या भिंतीपासून दीड फुटावर ठेवा. जास्त लांब गेलं की भिंतीचा दांडा हाताला येत नाही.

धरायला दांडा, आणि मातीची भिंत

एकच गोष्ट करायची ऐपत असेल, तर ती धरायच्या दांड्याची करा. बसताना आणि उठताना सगळा भार त्याच्यावर येतो. नळाला, टॉवेलच्या दांडीला किंवा प्लॅस्टिकच्या पाईपला धरून उठणं म्हणजे पडण्याची तयारी.

दांडा जी.आय. किंवा स्टीलच्या पाईपचा घ्या, बाहेरून सव्वा ते दीड इंच जाड. दुकानात 'एक इंची' म्हणून मिळणारा पाण्याचा जी.आय. पाईप बाहेरून सव्वा इंचाच्या वरच भरतो, तो मुठीत नीट बसतो. दांडा आणि भिंत यांच्यात दोन इंच अंतर सोडा. जास्त सोडलं तर हात आत घसरून अडकतो. बैठकीच्या वर आठ इंचांवर एक आडवा दांडा आणि त्याच्या पुढच्या टोकाला एक उभा दांडा. आडव्यावर रेटून उचलायचं, उभ्याला धरून उभं राहायचं.

आपल्या जिल्ह्यात खरी अडचण भिंतीची आहे. जुन्या माळवदाच्या घरांत भिंती दगड-मातीच्या. त्यात बोल्ट ठोकला तर आठवडाभरात मातीसकट बाहेर येतो. अशा ठिकाणी भिंतीच्या नादी लागू नका. भांड्याच्या बाजूला दीड फूट खोल खड्डा घ्या, पाईप उभा करा, काँक्रीट भरा आणि सात दिवस पाणी मारून मगच हात लावू द्या. असे दोन खांब उभे करून वरून आडवा पाईप वेल्ड केला की आधार पक्का. साडेचार इंचांच्या विटेच्या भिंतीत बोल्ट आरपार घालून मागच्या बाजूनं लोखंडी पट्टी लावा. पत्र्याच्या खोलीतही खांबच बरे.

दांडा बसल्यावर आधी घरातल्या सगळ्यात वजनदार माणसानं त्याला लोंबकळून बघावं. जरा हलला तरी काम परत करून घ्या.

फरशी, पाणी आणि उजेड

चकचकीत टाईल्स दिसायला छान, पण साबणाच्या पाण्यात त्यावरून धडधाकट माणूसही घसरतो. खरखरीत टाईल्स, न घोटलेली शहाबादी किंवा रेघा ओढलेला कोबा घ्या. उतार फुटाला पाव इंच पुरे आणि तो दारापासून लांबच्या कोपऱ्याकडं. जागोजागी पायपुसणी टाकू नका, काठी त्यातच अडकते.

अंघोळीला उभं राहण्यापेक्षा बसणं सुरक्षित. दीड फूट उंच, तेवढाच रुंद ओटा भिंतीलगत बांधा किंवा रबरी बुटांचं पक्कं स्टूल ठेवा. लाकडी पाट बुटका असतो, त्यावरून उठवत नाही. नळ, बादली, साबण सगळं बसल्या जागी हाताला यावं. नळ फिरवायचा घेण्यापेक्षा दांड्याचा घ्या.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम. साखरेच्या आजारानं किंवा कुष्ठरोगानं ज्यांच्या पायाला समज राहिलेली नाही, त्यांना चटका कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. त्यांच्यासाठी पाणी दुसऱ्यानं हात घालून बघावं. बादलीतली हीटरची कॉईल बटण बंद करून, पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. गॅसचा गिझर असेल तर तो खोलीच्या बाहेर बसवा. बंद खोलीत त्याचा विषारी धूर साठतो. त्याला वास नसतो आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध होतो.

रात्रीसाठी वाटेवर आणि आत दिवा पाहिजे. लोडशेडिंग बघता चार्जिंगचा बल्ब ठेवा. बटण दाराबाहेर, कमरेच्या उंचीवर. बसून उठल्यावर लगेच चालायला लागू नका. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठल्याबरोबर अंधारी येते. दांडा धरून चार श्वास थांबावं. हाक मारायला एक साधी घंटी किंवा शिट्टी दोरीला बांधून ठेवा, दोरी जमिनीजवळपर्यंत येऊ द्या. पडलेल्या माणसाचा हात तेवढाच पोचतो.

प्रत्येकाची अडचण वेगळी

अंगावरून वारं गेलेल्या माणसाला दांडा त्याच्या बळकट बाजूला पाहिजे. दोन्ही बाजूंना लावता आला तर उत्तमच.

डोळ्यांनी कमी दिसणाऱ्याला पांढऱ्या टाईल्सवरचं पांढरं भांडं दिसत नाही. भांड्याभोवतीची फरशी गडद घ्या, दाराची चौकट आणि पायरीची कड पिवळ्या रंगानं रंगवा. पूर्ण अंध माणसासाठी घरापासून संडासापर्यंत कमरेच्या उंचीवर ताणून बांधलेली दोरी किंवा सलग कठडा खूप उपयोगी. वस्तूंच्या जागा बदलू नका.

ऐकू न येणाऱ्याला दार वाजवलेलं कळत नाही. दारावर आत कुणी आहे हे दाखवणारी खूण करा.

पायानं चालता न येणाऱ्या, सरपटत जाणाऱ्या माणसासाठी उंच बैठक कामाची नाही. त्याला स्वच्छ, कोरडी, गुळगुळीत फरशी आणि जमिनीलगतचं भांडं लागतं, आणि दांडाही खालच्या उंचीवर. म्हणूनच आधी माणसाला विचारायचं.

खड्डा विसरू नका

संडास आणि न्हाणी एक केली तरी दोघांचं पाणी एक करू नका. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात फक्त संडासाचं पाणी जावं. अंघोळीचं, साबणाचं पाणी त्यात सोडलं की खड्डा लवकर भरतो आणि आतलं कुजणं बिघडतं. ते वेगळ्या नळीनं वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा परसातल्या केळी-आळूला सोडा. उतार बांधताना खड्ड्याचं झाकण त्याखाली गाडलं जाणार नाही, हेही बघा. पुढं खड्डा उपसायचा असतो.

पैसे थोडेच असतील तर

सगळं एकदम जमत नसेल तर क्रम असा ठेवा. पहिला आधाराचा दांडा. दुसरं कमोडचं स्टूल. तिसरा उजेड आणि वाटेतले दगड-दावं काढणं. चौथं दार बाहेर उघडणारं करणं. बऱ्याचदा बिजागऱ्या फिरवून सुतार ते एका दिवसात करतो. पाचवं फरशी खरखरीत करणं. उतार आणि जागा वाढवणं हे मोठं काम, ते सुगीनंतर. पहिल्या तीन गोष्टींनी म्हातारं माणूस आजपासून आत जायला लागू शकतं.

मदत कुठून मिळते

घरात संडासच नसेल तर स्वच्छ भारत मिशनचं १२ हजारांचं अनुदान ग्रामपंचायतीमार्फत मागता येतं. ज्या घरानं ते आधी उचललंय, त्याला पुन्हा मिळत नाही.

ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गावात त्याचं काय होतं, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. दांडा, उतार, कमोड खुर्ची यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे, त्यामुळं 'आपलं यात बसत नाही' असं घरबसल्या ठरवू नका.

ज्येष्ठांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना साधनं घ्यायला एकदाच ३ हजार रुपये थेट खात्यात देण्याची ती योजना. साधनांच्या यादीत फोल्डिंग वॉकर आणि कमोड खुर्चीही आहे. सध्या अर्ज सुरू आहेत का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या आणि खरेदीची पावती जपून ठेवा.

काम झाल्यावर गवंड्याचे पैसे चुकते करण्याआधी एक करा. ज्यांच्यासाठी बांधलंय, त्या आजीला किंवा आजोबांना अंथरुणापासून भांड्यापर्यंत एकट्यानं जाऊन, बसून, उठून परत येऊ द्या. घरच्यांनी दोन हात लांब उभं राहून फक्त बघायचं. कुठं हात चाचपडला, कुठं पाय अडला, ते तिथल्या तिथं गवंड्याला दाखवा. त्यांनी "जमतंय की" म्हटलं, तर काम झालं.